मदत हवी आहे: काचेच्या बरण्यांवरचा लेबलचा गोंद कसा घालवायचा?

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते. दर उन्हाळ्यात नवी हळद दळून आणली, तासगावचा बेदाणा घेतला, की पुण्याच्या नणंदेला आणि बेळगावच्या मावशीला थोडं थोडं पाठवते. यंदा प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, घरातल्याच जॅम, मध, कॉफीच्या रिकाम्या बरण्यांत भरून द्यायचं ठरवलंय. काच जाड आहे, झाकणं घट्ट बसतात, टाकून द्यायला जीव होत नाही.

साध्या कागदाची लेबलं कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवली की सकाळी सुटतात. त्यांची तक्रार नाही. पण गुळगुळीत, प्लॅस्टिकसारखी लेबलं ओढली की वरचा पापुद्रा तेवढा निघतो, खाली चिकट थर राहतो. त्यावर हळद उडाली की बरणी धुऊनही पिवळीच! तारेची घासणी वापरायची नाही, चरे पडतात. शेजारच्या काकू रॉकेल सुचवतात, पण खायच्या वस्तूच्या बरणीला तो वास मला नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालेल का? झाकणांवर रंगीत छपाई आहे. कुणी करून बघितलं असेल तर नक्की सांगा.

उत्तर

ताई, हा गोंद पाण्याला दाद देत नाही, तेलाने मात्र सैल होतो. खायचं तेल आणि खायचा सोडा सारखा घेऊन कालवा, डागावर थापा, अर्ध्या तासाने जुन्या सुती कापडाने गोल गोल चोळा. मग भांड्यांच्या साबणाने धुवा, तेलकटपणा राहिला तर तुमची नवी चिठ्ठी चिकटणार नाही.

अजून न काढलेली लेबलं आधी गरम करा. हेअर ड्रायर नसेल तर आपल्याकडचं एप्रिलचं दुपारचं ऊन पुरतं. गोंद मऊ झाला की कोपरा धरून सावकाश ओढा, बऱ्याचदा थर मागे राहतच नाही. गार बरणीत उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते.

रिमूव्हर चालेल, पण उरलेल्या ठिपक्यांपुरताच, कापसाच्या बोळ्याने, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. त्यातलं ॲसिटोन पेट घेतं. झाकणाला लावू नका, छपाई जाईल. झाकणाच्या आतली रबरासारखी कडही हुंगून बघा. लोणच्याचा वास तिच्यात मुरलेला असेल तर त्या बरणीत बेदाणा भरू नका.