मदत हवी आहे: लांडगी आणि जुळ्या बाळांचं रोमन नाणं. ट्रिअरचं आहे का? किंमत किती धरावी?

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत सारब्रुकेनला राहते. नाण्यांचा नाद नवीन, जेमतेम चार महिन्यांचा. जवळच्या ट्रिअर गावात रोमन काळात टांकसाळ होती. तिथल्या संग्रहालयात, 1993 साली त्याच गावात खोदकामात सापडलेली अडीच हजारांवर रोमन सोन्याची नाणी पाहिली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. सोनं आवाक्यातलं नाही, म्हणून गेल्या रविवारी जुन्या बाजारात एक काळपट-हिरवं नाणं 35 युरोला घेतलं. विकणारा "रोमन आहे, अस्सल आहे" एवढंच म्हणाला. पावती नाही, चिठ्ठी नाही.

व्यास 17 मिमी, वजन 2.3 ग्रॅम, चुंबकाला चिकटत नाही. पुढे शिरस्त्राण घातलेली स्त्री, तोंड डावीकडे, अक्षरं 'उर्ब्स रोमा', म्हणजे रोम नगरी (यूच्या जागी व्ही). मागे रोमच्या दंतकथेतली लांडगी, पोटाशी दोन बाळं, वर दोन तारे. लांडगी मान वळवून बाळांकडे बघतेय, आणि नखाएवढ्या जागेत तिच्या मानेवरचे केससुद्धा रेघारेघांनी कोरलेत. भिंगातून पाहताना डोळे हलत नाहीत.

खालच्या पट्टीत टी, आर स्पष्ट आहेत. तिसरं अक्षर पी की एस, कळत नाही. हे ट्रिअरच ना? म्हणजे माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर पाडलेलं नाणं!

काळ कोणता, 35 युरो जास्त झाले का, आणि कडेला फिकट हिरवी पूड दिसते तिचं काय करू? आई फोनवर म्हणाली, चिंच-मीठ लावून घास, तांब्यासारखं लख्ख होईल. अजून हात लावलेला नाही.

प्रतिसाद

ताई, चिंच अजिबात नको! तो काळपट-हिरवा थर गेला की नाण्याची किंमतही गेली आणि रूपही गेलं. पूड लाकडी दातकोरणीने हलकेच टोकरून बघा. टणक असेल तर काळजी नाही. भुकटी होऊन पडत असेल तर धातू आतून खाल्ला जातोय. मग नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, नंतर पूर्ण वाळवून कोरड्या डबीत, बाकीच्या नाण्यांपासून लांब.

काळ रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा. इ.स. 330 साली कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी झाली, त्या सुमारास जुन्या रोमच्या मानाचं हे नाणं निघालं. नव्या राजधानीचं जोडनाणंही आहे, त्यावर जहाजाच्या नाळेवर उभी विजयदेवता. टीआर म्हणजे ट्रिअरच. पी म्हणजे टांकसाळीची पहिली कार्यशाळा, एस म्हणजे दुसरी. दोन ताऱ्यांच्या मध्ये किंवा अक्षरांपुढे एखादं बारीक चिन्ह आहे का ते पाहा, त्यावरून नेमकं वर्ष जवळ येतं. 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या रोमन नाण्यांच्या संदर्भग्रंथाचा सातवा खंड याच काळाचा आहे. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची सूची ऑनलाइन फुकट आहे.

ही नाणी भरपूर निघाली. झिजलेलं 10 ते 20 युरोला मिळतं, अक्षरं-चेहरा स्वच्छ असेल तर 35 ठीक. दुकानं मागतात त्या भावांपेक्षा लिलावात प्रत्यक्ष विकलेले भाव बघा. कडेचा फोटो टाका. साच्यात ओतलेल्या नकलेला कडेवर जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुडे असतात.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. कडेवर रेघ नाही, बुडबुडेही नाहीत. हिरवं टणक निघालं, जीव भांड्यात पडला. रात्री टेबलावरचा दिवा आडवा धरून पाहिलं, तर तिसऱ्या अक्षराची सरळ दांडी आणि वरचा अर्धगोल उठून दिसला. पी आहे.