हँडेलचं 'झेडॉक द प्रीस्ट' : गायक इतक्या उशिरा का येतात?

मंद्रसप्तक:
सध्या संगीतकार हँडेलचं हे गीत रोज ऐकतेय. व्हायोलिनचे तेच तेच स्वरसमूह हळूहळू चढत जातात, आणि दीड मिनिटाच्या आसपास गायकवृंद एकदम कोसळतो. दर वेळी अंगावर काटा येतो! राजाच्या समारंभात इतकं थांबवायचं कारण काय? जवळपासचं आणखी काही सुचवा.

शुद्धमध्यम:
हे अभिषेकाच्या विधीचं गीत आहे. 11 ऑक्टोबर 1727, वेस्टमिन्स्टर ॲबी, ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज याचा राज्याभिषेक. शब्द बायबलचे: सादोक (म्हणजेच झेडॉक) याजक आणि नाथान संदेष्टा शलमोनाला राजा म्हणून अभिषेक करतात. मला वाटतं, तो क्षण मोठा व्हावा म्हणूनच हा ताण. ट्रम्पेट आणि नगारेही तोवर गप्प असतात, ते गायकांबरोबरच येतात. गायकवृंद सात वेगवेगळ्या स्वरभागांत गातो, म्हणून तो आघात इतका भरदार वाटतो. पुढे 'लोकांनी आनंद केला' या ओळीला लय तीन मात्रांची होते, तिकडेही लक्ष द्या. तेव्हापासून ब्रिटनच्या प्रत्येक राज्याभिषेकात हे गायलं गेलंय.

खर्जातला:
हँडेलच्या आधीचा इंग्रज संगीतकार पर्सेल ऐकाच. 'माय हार्ट इज इंडायटिंग' त्याने 1685 मध्ये दुसऱ्या जेम्सच्या राज्याभिषेकासाठी लिहिलं. हँडेलनेही 1727 मध्ये त्याच नावाचं गीत रचलं. लागोपाठ ऐका. पण माझा जीव अडकलाय तो पर्सेलच्याच, इंग्लंडच्या मेरी राणीच्या अंत्यविधीच्या संगीतात, 1695 च्या. त्यातल्या 'दाऊ नोएस्ट, लॉर्ड' मध्ये सगळे आवाज एकत्र, साधेपणाने चालतात. त्याच वर्षी पर्सेलही गेला.

मंद्रसप्तक:
पर्सेलचं ते अंत्यविधीचं संगीत लावलंय. गायकांच्या आधीचं ते ट्रम्पेटचं संथ वादनही त्याचंच का?

खर्जातला:
हो, त्याचंच.