सोलापुरी चादरींचे दुकान गूगलच्या स्थानिक शोधात वर कसे यावे?

चादरवाला_सोलापूर:
नवी पेठेत आमचे चादरी, टॉवेल व नॅपकिनचे घाऊक आणि किरकोळ विक्रीचे दुकान आहे. गेल्या वर्षी संकेतस्थळ तयार करून घेतले. दुकानाचे नाव टाकून शोधल्यास ते सापडते. मात्र अक्कलकोट-तुळजापूरला आलेला भाविक ‘सोलापूर चादर दुकान’ असे शोधतो, तेव्हा आमचा कोठेही पत्ता नसतो. जाहिरातीवर खर्च न करता काय करता येईल? एका परिचिताने दुकानाच्या नावापुढे ‘सोलापूर बेस्ट चादर होलसेल’ असे शब्द जोडण्यास सुचवले आहे. ते करावे का?

संकेतक:
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: करू नये. पाटीवर जे नाव आहे तेच लिहावे, असा गूगलचा नियम आहे आणि कोणी तक्रार केल्यास संपूर्ण नोंद निलंबित होऊ शकते. आता मूळ मुद्दा. नकाशासह वर दिसणारी दुकानांची यादी तुमच्या संकेतस्थळावरून नव्हे, तर मुख्यतः ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’वरून, म्हणजे दुकानाच्या गूगलवरील नोंदीवरून, तयार होते (२०२१ पर्यंत या नोंदीला ‘गूगल माय बिझनेस’ म्हणत). यादीचा क्रम शोधाशी जुळणारी माहिती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी या तीन गोष्टींवर ठरतो, असे गूगलच सांगते. अंतर आपल्या हातात नाही, त्यामुळे तुळजापुरात बसून शोधणाऱ्याला आणि सोलापूरच्या पार्क चौकात उभ्या असलेल्याला वेगळी यादी दिसणारच. म्हणून दुकानात बसून स्वतःच्या फोनवर घेतलेल्या चाचणीवर फारसा विश्वास ठेवू नका. नोंदीतील मुख्य वर्गवारी मात्र नीट तपासा. ती नुसती ‘कपड्यांचे दुकान’ अशी असेल, तर चादर शोधणाऱ्यापुढे तुम्ही येण्याची शक्यता कमीच.

हातमाग_लेखा:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण संकेतस्थळाकडे दुर्लक्ष करणे मला पटत नाही, कारण नकाशाखालील साधे निकाल तेथूनच येतात. आपल्याकडील अनेक दुकानांच्या पानांवर भाव, पत्ता, अगदी दूरध्वनी क्रमांकसुद्धा एका रंगीत चित्रात बसवलेले असतात. ते सर्व साध्या मजकुरात असावे. जेकार्ड चादर, टेरी टॉवेल आणि घाऊक मागणी यांना स्वतंत्र पाने द्या व प्रत्येकावर माप, सूत, किमान मागणीची संख्या आणि पार्सल कसे जाते हे स्पष्ट लिहा. मराठीत लिहाच, पण ग्राहक रोमन लिपीत टंकून शोधतो हे लक्षात घेऊन इंग्रजी पानही ठेवा. विजयपूर व कलबुर्गीकडून गिऱ्हाईक येत असेल, तर कन्नड पानाचाही विचार व्हावा. ते जाणकाराकडून लिहून घ्यावे, यंत्राने केलेले भाषांतर तसेच चिकटवू नये. नाव, पत्ता आणि क्रमांक सर्वत्र एकसारखे हवेत.

चादरवाला_सोलापूर:
आभारी आहे. वर्गवारी पाहिली, ती खरोखर ‘कपड्यांचे दुकान’ अशीच आहे. अभिप्राय देणाऱ्या ग्राहकाला एक नॅपकिन भेट द्यावा, असा विचार आहे. तो योग्य ठरेल का?

संकेतक:
नाही. अभिप्रायाच्या मोबदल्यात भेट वा सवलत देणे गूगलच्या धोरणात बसत नाही. बिल देताना क्यूआर कोड दाखवून विनंती करणे चालते, आणि आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला, विशेषतः नाराजीच्या, दुकानाच्या नावाने सभ्य उत्तर द्यावे. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या काळात दुकानाची वेळ बदलत असेल, तर ती ‘विशेष वेळ’ म्हणून आधीच नोंदवा. नोंदीची पडताळणी बाकी असल्यास गूगल बहुधा चित्रफीत मागेल. तीत रस्ता, पाटी आणि दुकानाचा आतील भाग सलग दिसला पाहिजे.