सीएफ कार्ड ठीक, पण ५०४ एमबीचं काय?

४८६ प्रोसेसरच्या जुन्या पीसीमध्ये खडखडणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड लावा, असा सल्ला दिला जातो, तो पटला. पण त्या काळातले बरेच बायोस (पीसी सुरू करणारा, डिस्क ओळखणारा मूळ प्रोग्राम) डिस्कवरची जागा १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर या मापांच्या पुढे मोजतच नाहीत, म्हणजे ५०४ एमबीवर गाडी अडते. मग ४ जीबीचं कार्ड घेऊन उपयोग काय?

ही मर्यादा ओलांडायला मी एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस हा जादा बायोस वापरला. फुकट मिळतो. तो ईप्रॉमवर (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी चिपवर) लिहायचा आणि जुन्या आयएसए स्लॉटमध्ये बसणाऱ्या नेटवर्क कार्डावर बूट रॉमसाठी (पीसी सुरू होताना चालणाऱ्या प्रोग्रामच्या चिपसाठी) जे रिकामं सॉकेट असतं त्यात बसवायचा. नेटवर्कशी काही देणंघेणं नाही, कार्ड फक्त सॉकेटपुरतं! मात्र नेटवर्क कार्डाच्या सेटअपमध्ये बूट रॉम चालू करावा लागतो. डॉस ६.२२ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर पार्टिशन तरीही २ जीबीपर्यंतच, तेव्हा ४ जीबीच्या कार्डाचे दोन भाग करा.