'सँटा फे ट्रेल'मधला जॉन ब्राऊन खरा की विकृत केलेला?

रानवारा: 'ब्राऊन माथेफिरूच होता, १९४०च्या "सँटा फे ट्रेल"ने खरं तेच दाखवलं' हे कालचं विधान वाचून राहवलं नाही. ब्राऊनचं काम करणाऱ्या रेमंड मॅसीचे ते वटारलेले डोळे आठवा! अमेरिकेतली गुलामगिरी शस्त्रं घेऊन मोडायला निघालेला ब्राऊन राक्षस, आणि पुढे गुलामगिरी टिकवणाऱ्या फौजेत गेलेला जेब स्टुअर्ट हसरा नायक. जवळजवळ चाळीस लाख माणसं मालमत्ता म्हणून विकली जात होती. समंजसपणे बोलणाऱ्यांनी त्यांतली किती सोडवली?

तटबंदी: आणि कॅन्ससमधलं पॉटावाटमी? मे १८५६, ब्राऊनच्या टोळीनं रात्री घरांतून बाहेर काढून पाच माणसं तलवारींनी तोडली. त्यांतल्या एकाकडेही गुलाम नव्हते. मारल्या गेलेल्या डॉइलच्या बायकोनं विनवण्या केल्या म्हणून धाकटा पोरगा वाचला.

नकाशा: मुळात त्या चित्रपटावर विसंबताच कशाला? स्टुअर्ट आणि दुसरा लष्करी अधिकारी कस्टर म्हणे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत एकाच वर्गात! स्टुअर्ट १८५४च्या तुकडीचा, कस्टर १८६१च्या.

तटबंदी: वर्ग चुकला म्हणून पाच मुडदे उठून बसत नाहीत.

नकाशा: तुम्हाला क्षुल्लक वाटतं. मी इतिहास शिकवतो. मुलं उत्तरपत्रिकेत सिनेमातले प्रसंग लिहितात आणि पालक गुणांसाठी भांडायला येतात. ज्यांना साधी सनावळी पाळवत नाही, ते ब्राऊनचं मन काय दाखवणार?

ओवी: सनावळी राहू द्या. माझे मामा एका चळवळीत होते. मागणी शंभर टक्के न्याय्य, तिचा लाभ आज मलाही मिळतो. पण घरात शंका काढली की आपण फितूर. मामीचे दागिने गेले, आजोबांच्या अंत्यविधीलाही ते आले नाहीत. मॅसीचा चेहरा मला साफ खोटा म्हणवत नाही.

रानवारा: मामींनी सोसलं, मान्य. पण डेंजरफील्ड न्यूबीनं काय करायचं होतं? गुलाम असलेल्या बायको-मुलांना विकत घेऊन सोडवायला तो पैसे जमवत होता, त्यांच्या मालकानं नकार दिला. १८५९मध्ये हार्पर्स फेरी गावातल्या सरकारी शस्त्रागारावरच्या हल्ल्यात ब्राऊनसोबत लढताना तो मेला. त्याच्याजवळ बायकोची पत्रं सापडली. चित्रपटात त्याला जागा नाही!

तटबंदी: न्यूबीपुढे मान झुकवतो, पण फक्त त्याच्यापुढे. स्वतः गुलामगिरीतून सुटलेला, गुलामगिरीविरोधी नेता फ्रेडरिक डग्लसही त्या हल्ल्यात गेला नव्हता. तोही भ्याड का?

रानवारा: त्याला तो बेत सापळा वाटला, लढा चूक नव्हे. १८८१मध्ये त्यानं हार्पर्स फेरीतच ब्राऊनचा गौरव करणारं भाषण केलं. ते वाचा, मग बोलू.