घरचं शूटिंग: तुमचे किस्से सांगा

पारोळ्याची सून
कानबाईच्या सणासाठी घर आवरायला काढलं तर माळ्यावर लग्नाची कॅसेट सापडली. 1994 चं लग्न. एकाकडून पेनड्राइव्हवर करून आणली, सगळे टीव्हीसमोर बसलो. हळदीत आजेसासूबाई गाणं म्हणताहेत, तोंड हलतंय, हातवारे चाललेत आणि आवाज? सिनेमाचं गाणं! अख्खी हळद, अख्खं लग्न, सिनेमाचीच गाणी. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही हो. वर लेकाने कुठल्याशा ॲपमध्ये घालून चित्र चकचकीत केलं, तर सुरकुत्या गेल्या, कपाळाचं गोंदण गेलं, बाहुली झाली पार. पुढच्या महिन्यात नातीचं बारसं आहे. या खेपेला तरी नीट व्हायला हवं. तुमचं काय काय फसलं, काय जमलं ते लिहा.

तापीकाठ
हात हलला की कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात का? जुन्या व्हिडिओत सेकंदाला 25 फ्रेम, प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत, म्हणजे 50 अर्धे. ते तसेच चिकटवले की दाते येतात. पेनड्राइव्हवर करून देणाऱ्याला 'डीइंटरलेस करून 50 फ्रेमवर द्या' म्हणा, म्हणजे प्रत्येक अर्ध्याची वेगळी पूर्ण फ्रेम होते. ॲप चालवायचं तर कॉपीवर चालवा, मूळ फाइलला हात नको. जे टेपवर नाहीच ते ॲप मनाने भरतं, गोंदण म्हणूनच गेलं. अजून कॅसेटी असतील तर आधी झाकण उघडून बघा. पांढरी बुरशी असेल तर लावूच नका, मशीनचं हेड जातं आणि पुढची कॅसेटही नासते.

जुना शूटिंगवाला
ताई, ते गाणं मीच टाकलंय 😀 तुमच्यात नाही, पण अशा शेकडो लग्नांत. लोकच म्हणायचे, बायांचा गलका नको, गाणी टाका. मास्टर कॅसेट आमच्याकडे राहायची, मिक्सिंग करून कॉपी तुम्हाला. आणि मास्टरवर पुढच्या सीझनला दुसरं लग्न टेपायचो, कॅसेट महाग पडे. आता कोणी आजोबांचा आवाज मागायला आलं की तोंड लपवावंसं वाटतं. तुम्ही कॅसेट शेवटपर्यंत पाहिली का? गाणं आधी संपायचं आणि चित्र चालू राहायचं, तिथे कधी कधी खरा आवाज सुटून जातो.

भरीत-भाकर
माझं रेसिपीचं चॅनल आहे, छोटंच. पहिल्या व्हिडिओत ओट्यावर काळे पट्टे धावत होते, मला वाटलं मोबाइल गेला. ट्यूबलाइटमुळे! वीज 50 हर्ट्झची, म्हणून प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं, पट्टे गायब. वांगी भाजताना अंगणात जाते, तुरकाठ्यांवर. धुराकडे तोंड केलं की लेन्स तेलकट होते, मऊ फडक्याने पुसायची. पदराने नाही, मी पुसली, चरे पडले.

अमळनेरी
@भरीत-भाकर वांगी कुठली? हिरवीच ना? पुण्यात जांभळी घेतो, भरीत नाही ते.

भरीत-भाकर
हिरवी, बामणोदची. जांभळ्याचं भरीत करणाऱ्याशी मी बोलत नाही.

साक्रीकर
आवाजाचं मीबी सांगतो. शेतात ठिबकचा व्हिडिओ केला, नुसता भर्रर्र. आमच्या तालुक्यात पवनचक्क्या उगाच नाही लावल्या भो. आता दुसरा मोबाइल खिशात, वायरवाला इयरफोन शर्टाच्या आत, त्याचा माइक गळ्याशी. सुरुवातीला एक टाळी वाजवायची. नंतर चित्रातली टाळी आन आवाजातली टाळी जुळवली का झालं. खर्च शून्य.

भुसावळची
आमच्याकडे मे मध्ये गच्चीवर पापडांचं शूटिंग. दहा मिनिटांत फोन म्हणाला मी तापलो, कॅमेरा बंद. मी म्हटलं बाबा, 45 मध्ये मी पण तापलेय, मला कोण बंद करतं 🙏

तापीकाठ
😂 बारशाचं एवढंच सांगतो, पाळणा खिडकीसमोर नको. मागून उजेड आला की माणसं काळी दिसतात. खिडकी शूटिंग करणाऱ्याच्या पाठीशी. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. आणि नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून चिपडं करतं.

अमळनेरी
कानबाईच्या नैवेद्याचे रोट झाले का सगळ्यांचे? आमच्याकडे चुलत्यांचे पण आमच्याच घरी, 60 माणूस जेवायला.

पारोळ्याची सून
रोट झाले. @जुना शूटिंगवाला भाऊ, पाहिली शेवटपर्यंत. पाठवणीनंतर गाणं तुटतं आणि मांडव आवरतानाचा आवाज येतो, भांडी, कुत्रं, आणि मागून आजी कोणाला तरी, "जेवनी का व माय?" चित्रात त्या नाहीतच, खुर्च्या दिसतात फक्त. पण आवाज त्यांचाच. लेकाने तेवढाच तुकडा काढून दिलाय, सकाळपासून किती वेळा ऐकला.

जुना शूटिंगवाला
तो तुकडा दोन-तीन ठिकाणी ठेवा ताई. आवाज साफ करायला ॲपमध्ये टाकू नका, कुत्रं राहू द्या.

अमळनेरी
@भरीत-भाकर बामणोदची वांगी पुण्याला येणाऱ्या ट्रॅव्हल्सने पाठवता का?