ओकडेलची माणसं कुणाला आठवतात का?

मिरज_ते_टोलेडो

'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' या जुन्या अमेरिकी मालिकेतल्या ओकडेल गावाबद्दलचा हा धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून इथेच टाकतेय. चुकीच्या जागी असेल तर हलवा.

१९८६ च्या जानेवारीत मी लग्न करून ओहायोतल्या टोलेडोला आले. नवरा सकाळी सातला कामावर जायचा. मला कामाचा परवाना नाही, गाडी येत नाही आणि बाहेर गुडघाभर बर्फ. मिरजेच्या वाड्यात सतरा माणसांत वाढलेली मी. इथे दोन खोल्यांत दिवसभर फ्रिजची घरघर ऐकत बसायचे.

खालच्या मजल्यावर साठी उलटलेली एक बाई राहायची. एकदा जिन्यात भेटली आणि म्हणाली, दीड वाजता ये, माझ्या 'स्टोरीज' लागतात. मला वाटलं, गोष्टी वाचून दाखवणार! गेले तर ती इस्त्रीचं टेबल मांडून टीव्हीसमोर उभी. दीडला 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स', तीनला 'गाइडिंग लाइट'. बोलायचं फक्त जाहिराती लागल्या की. त्या जाहिरातीही बहुतेक साबणाच्या. साबणवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलच्याच त्या दोन्ही मालिका, हे मला फार उशिरा कळलं. अशा मालिकांना 'सोप' म्हणतात, पण ते नाव असं शब्दशः असेल असं कुणाला वाटतं?

ओकडेल हे इलिनॉयमधलं गाव. खोटं. पण मला टोलेडोच्या आधी ओकडेलचे रस्ते पाठ झाले. इंग्रजीही तिथेच शिकले. माझं इंग्रजी सांगलीच्या कॉलेजातलं, पुस्तकी. रागावलेली आई इंग्रजीत काय बोलते, दवाखान्यात वाईट बातमी कशी सांगतात, नको असलेल्या पाहुण्याला चहा न विचारता कसं वाटेला लावतात, हे सगळं तिथलं.

त्याच वर्षी त्यातले क्रिस ह्यूज गेले. ती भूमिका करणारे नट खरोखरच वारले होते आणि मग मालिकेतही तो मृत्यू दाखवला. त्यांची बायको नॅन्सी म्हणजे हेलन वॅग्नर. २ एप्रिल १९५६ ला पहिल्या भागातलं पहिलं वाक्य तिचंच होतं, 'गुड मॉर्निंग, डिअर.' आमच्या खालच्या बाईनं तो भाग पाहिला होता, धाकटी मुलगी पाळण्यात असताना. तीस वर्षांची ओळख! त्या दुपारी ती इस्त्री तशीच ठेवून रडत बसली. मला काय करावं सुचेना. वर गेले, मुगाची खिचडी टाकली आणि पातेलं घेऊन खाली आले. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत, आपण जेवण नेऊन देतो, एवढंच मला ठाऊक होतं. तिला तो रिवाज सांगितल्यावर ती रडता रडता हसायला लागली. पण खाल्ली हो. मीठ जास्त झालंय असंही म्हणाली.

आता मुख्य मुद्दा. मी आईला दर आठवड्याला एरोग्राम लिहायची. फोन परवडायचा नाही. लिहायला माझ्या आयुष्यात घडत काय होतं? म्हणून ओकडेल लिहायची. ल्युसिंडा वॉल्श, बडी उद्योजक, सगळ्यांना 'डार्लिंग' म्हणणारी. तिची मुलगी लिली. ती पोटची नव्हे, हे ल्युसिंडानं लपवून ठेवलेलं. खरी आई आयव्हा, स्नायडरांच्या शेतावरच्या घरातली. आणि त्या घराची मालकीण एम्मा. तिच्या स्वयंपाकघरात कायम कुणी ना कुणी जेवायला बसलेलं. आईला एम्मा फार आवडायची. 'ही बाई आपल्यातली आहे,' असं तिनं लिहिलं होतं.

आणि आई भाकितं करायची! तिकडे तिनं एकही भाग पाहिला नव्हता, माझ्या निळ्या कागदावर जेवढं मावेल तेवढंच तिला माहीत. तरी लिहायची, 'ल्युसिंडा माफी मागणार नाही. ती काहीतरी महागडं विकत घेऊन देईल.' पत्र यायला बारा-पंधरा दिवस लागत, तोवर इथे ते घडून गेलेलं असायचं. दहातली सात भाकितं खरी. मी एकदा लिहिलं की लिली आईला कायमची सोडून जाणार. उत्तर आलं, 'ती असं करणार नाही. पुन्हा नीट बघ.'

खूप वर्षांनी डग्लस मार्लंड या लेखकाविषयी वाचलं. १९८५ पासून १९९३ ला वारेपर्यंत मुख्य लेखक तोच होता. मालिकेची वाट कशी लावू नये याचे काही नियम त्यानं सांगितले होते. त्यातला एक असा, की मूळ पात्राचा स्वभाव बदलू नका. प्रेक्षक 'तो असं कधीच करणार नाही' म्हणाला की लेखक हरला. मी वाचून उडालेच. हे तर आईचं वाक्य.

पुढे पुढे मला काही ओळखता येईना. कोण कधी काय करेल याचा नेम नाही. म्हातारी पात्रं थँक्सगिव्हिंगला आणि नाताळला तेवढी जेवायला यायची, बाकी वर्षभर गायब. १७ सप्टेंबर २०१० ला मालिका संपली. हेलन वॅग्नर त्याच मे महिन्यात गेल्या, ९१ व्या वर्षी. शेवटच्या भागात डॉक्टर बॉब ह्यूज, म्हणजे नॅन्सीचा मुलगा, आपली खोली आवरतो आणि 'गुड नाइट' म्हणून निघून जातो.

माझा प्रश्न साधा आहे. त्या मालिका खरंच चांगल्या होत्या, की मी सव्वीस वर्षांची, एकटी आणि रिकामी होते म्हणून चांगल्या वाटल्या? सून म्हणते, दुसरं खरं. खरं सांगा, मी रागावणार नाही.

---

एडिसनचा_बाळ्या

काकू, मी रागावणाऱ्यांतला नाही पण भांडणाऱ्यांतला आहे, तेव्हा सुरुवात मीच करतो.

तुम्ही एम्माचं स्वयंपाकघर सांगितलंत. खलनायक जेम्स स्टेनबेक किती वेळा मेला आणि किती वेळा परत आला ते नाही सांगितलं! माझी मोठी बहीणही तुमचीच मालिका बघायची. हॉलिवूडच्या ज्युलियन मूरला तेव्हा कुणी ओळखत नव्हतं. ती त्यात फ्रॅनी होती आणि फ्रॅनीसारखीच दिसणारी सॅब्रिनाही तीच होती. याला स्वभावावर चालणारी गोष्ट म्हणायचं तर आपले मनमोहन देसाई काय वाईट?

आणि टॉम ह्यूज. मालिकेत जन्म १९६१ चा, आणि साठचं दशक संपता संपता पोरगं व्हिएतनामला लढून आलं. आमच्या घरी यावरून अजून विनोद होतात. माझा मुलगा आठवीत गेला तेव्हा बहीण म्हणाली, 'ओकडेलला असता तर एव्हाना घटस्फोट झाला असता.'

आई मात्र 'जनरल हॉस्पिटल' या दुसऱ्या मालिकेची. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यातल्या ल्यूक आणि लॉराचं लग्न तीन कोटी लोकांनी पाहिलं, एलिझाबेथ टेलर पाहुणी होती. पण त्याच ल्यूकनं दोन वर्षांपूर्वी लॉरावर बलात्कार केला होता, आणि मग लेखकांनी त्याचीच प्रेमकथा केली. आईला याबद्दल परवा विचारलं. ती म्हणाली, 'तेव्हा आम्हाला काही वाटलं नाही, याचंच आता वाईट वाटतं.' म्हणून म्हणतो, जुनं ते सगळं सोनं म्हणताना जरा जपून.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

मी तुमची मालिका पाहिलेली नाही, पण दुपार पाहिली आहे.

१९९४ ला दूरदर्शनवर 'शांती' आली, पुढच्या वर्षी 'स्वाभिमान'. मी तेव्हा बारावीत, दुपारी घरी. आई, शेजारच्या काकू आणि मी. जेवणं उरकलेली, भांडी घासून पालथी घातलेली, पंखा तीनवर. मंदिरा बेदीचे ते केस बघून काकूंनी आधी नाक मुरडलं आणि महिन्याभरात पार्लरमध्ये जाऊन तसेच कापून आल्या. काका दोन दिवस बोलले नाहीत.

'स्वाभिमान'मध्ये उद्योगपती केशव मल्होत्रा सुरुवातीलाच मरतो आणि त्याच्या आयुष्यातली दुसरी बाई, स्वेतलाना, घरच्यांसमोर उभी राहते. किटू गिडवानी. तिला वाईट म्हणायची आईची हिंमत झाली नाही. 'चुकलीय, पण खोटी नाही,' एवढंच म्हणाली. असं वाक्य आईच्या तोंडून मी आधी ऐकलं नव्हतं. आमच्या नात्यात अशी एक बाई होती आणि तिचं नावही घरात घेत नसत. त्या दिवाळीत आईनं तिला फराळाचा डबा पाठवला. मालिकेमुळेच असं मी म्हणत नाही. पण पाठवला.

मग सह्याद्रीवर 'दामिनी'. प्रतीक्षा लोणकर पत्रकार. तीही दुपारचीच! पुरुष ऑफिसात असताना लागणाऱ्या मालिकांमध्ये बायका नोकऱ्या करत होत्या, प्रश्न विचारत होत्या. पुढे मालिका रात्रीच्या जेवणाच्या वेळेला सरकल्या आणि बायका भरजरी साड्या नेसून जिन्यात उभ्या राहून कान देऊ लागल्या. हे माझं निरीक्षण, कुणी खोडून काढलं तर ऐकेन.

ताई, तुमची आई ग्रेट होती. मला त्यांच्या भाकितांवर वेगळा धागा हवा.

---

मिरज_ते_टोलेडो

बाळ्या, स्टेनबेक मी मुद्दामच गाळला होता, पकडलंस! आईला त्याचं पुनरागमन कळवलं तेव्हा तिनं लिहिलं, 'हे पान मी वाचलं नाही असं समज.' तेवढा भाग तीही सोडून द्यायची. आणि ल्यूक-लॉराचं तुझ्या आईचं म्हणणं पटलं. आमच्या खालच्या बाईला त्या लग्नाचं नाव काढलेलंही खपायचं नाही. कारण तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

---

संवाद_लिहितो_पोटासाठी

मी मराठी दैनंदिन मालिकांसाठी लिहितो. नाव आणि वाहिनी सांगणार नाही, हप्ते भरायचे आहेत.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असं देऊन मी सुटू शकतो. पण आमच्या खोलीत काय चालतं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

दर गुरुवारी आकडे येतात. गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी लोक उठून गेले ते कळतं आणि शुक्रवारी ट्रॅक बदलतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे. समजा नायिका सहा महिने शांत, विचारी दाखवली आहे. फोन येतो, उद्या तिनं थोबाडीत मारायची, प्रोमो लागतोय. मी म्हणतो, ती असं करणार नाही. पलीकडून उत्तर येतं, 'मग तिला असं करायला लावणारा प्रसंग लिहा ना, तुम्हाला पैसे कशाचे देतो?' मी लिहितो. सकाळी साडेआठला पानं सेटवर हवी असतात, नटी मेकअपला बसून वाचते आणि मला फोन करते, 'दादा, ही असं का वागतेय?' तिला सांगायला माझ्याकडे काही नसतं.

मार्लंडचे ते नियम माझ्याकडे छापलेले आहेत, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. बाहेरून लावायची सोय नाही. त्याच्या काळात तिकडे मुख्य लेखक पुढच्या कित्येक महिन्यांचा आराखडा आधी लिहून द्यायचा, मग त्यावरून एकेका दिवसाची मांडणी व्हायची, आणि संवाद सर्वांत शेवटी. आमच्याकडेही सुरुवातीला पात्रांची चोपडी बनते. मीच बनवतो, चाळीस पानांची. स्वभाव, भीती, लहानपणीची एखादी आठवण. पन्नासाव्या भागानंतर ती कुणी उघडत नाही.

बाळ्याभाऊंना एकच सांगायचंय. मेलेला परत येणं हा कथानकाचा खोटेपणा, तो प्रेक्षक हसून सोडून देतो. परत आलेला माणूस आधीसारखाच वागतो की नाही, हे तो बारीक बघतो. तुमच्या बहिणीला विचारा, स्टेनबेक परत आल्यावर कधी सज्जन झाला होता का.

---

एडिसनचा_बाळ्या

विचारलं. ती म्हणते, 'छे! म्हणून तर वाट बघायचो.' हरलो. धागा वाचनखुणेत.

जाता जाता, काकू, लोकांनी जुन्या व्हिडिओ कॅसेटवरचे भाग यूट्यूबवर चढवलेत, मधल्या जाहिरातींसकट.

---

मिरज_ते_टोलेडो

पाहिले रे. काल रात्री एक लावला, १९८७ चा असावा. चित्र हलतं, आवाज बुडबुड्यातून आल्यासारखा. एम्मा कणीक मळतेय आणि ल्युसिंडा दारात येऊन उभी राहते, आत बोलावलं तरी येत नाही. एवढाच प्रसंग. दोघी बोलतात ते वेगळंच काहीतरी. मला पुढचं आठवत नव्हतं, पण ती आत येणार नाही हे माहीत होतं. आली नाही. मध्येच साबणाची जाहिरात लागली आणि मी सवयीनं उठून स्वयंपाकघरात गेले. त्या वेळात दोन पोळ्या व्हायच्या माझ्या. आता घरात पोळ्या खाणारं कुणी नाही, ह्यांना ओट्स लागतात.

दुपारी माळ्यावरून पत्रांचा डबा काढला. माझी पत्रं आईनं जपली होती, ती दादानं वाडा विकताना मला पाठवली. तिची माझ्याकडे होतीच. दोन्ही गठ्ठे पहिल्यांदाच एकत्र लावले, तारखेप्रमाणे. संवाद_लिहितो दादा, तुमच्या चाळीस पानांच्या चोपडीपेक्षा जाड भरतील. पाहिजे तर फोटो काढून पाठवते.

डोंबिवलीकर, भाकितांचा धागा काढीन, पण हिशोब दुरुस्त करावा लागेल. दहातली सात नव्हे, मोजली तर पाचच भरली. बाकी आईनं मागाहून पत्रात 'मी म्हणाले नव्हते?' असं लिहून खपवली आहेत. आणि जून १९८९ च्या पत्रात, पापडाची कृती संपल्यावर, कडेला उभ्या ओळीत लिहिलंय: 'ल्युसिंडाला म्हणावं, एकदा आत जाऊन बस. एम्मा काही खात नाही तुला.'